नानांचा लॉट

नाना,

तुमच्या लॉटच्या गोळ्यांच्या तीन डब्या परवापर्यंत शिल्लक होत्या. आता नाहीत. आधी हेच सांगून टाकते, कारण तुम्हाला पाल्हाळ चालत नसे. ओझरच्या कारखान्यात इन्स्पेक्शनला आयुष्य काढलेला माणूस, पार्ट पास की फेल एवढंच विचारायचा. फेल झाला, नाना. पण कसा झाला ते मी माझ्या पद्धतीनं सांगणार आहे, आणि या वेळी मधेच तोडायला तुम्ही इथे नाही. म्हणजे, नाही असं धरून चालते.

तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली, तरी परवापर्यंत रायफल रेंजवर मी माझ्या डाव्या अंगाची चटई मोकळी ठेवत आले. नवीन पोरी येतात, "मॅडम, इथे कुणी आहे का?" असं विचारतात आणि मी चक्क "हो" म्हणते. शाळेत मुलांना विज्ञान शिकवते, अंधश्रद्धेवर दरवर्षी भाषण ठोकते आणि इथे येऊन एका चटईवर मेलेल्या बापासाठी रुमाल टाकते. कर्म माझं! पण काय करू? पालथी पडते, पट्टा दंडाला आवळते, दस्त्याला गाल लावते, अर्धा श्वास सोडते, आणि डावीकडून तुमचं ते खाकरणं येतं. मोठ्यानं नाही, घशातल्या घशात, शेजारच्याला त्रास नको म्हणून दाबलेलं. मग तुम्ही म्हणता, "थांब. वारा जाऊ दे." मी थांबते. डोळा वर करून बघते तर झेंड्याची चिंधी खरंच खाली येत असते. पहिल्यांदा झालं तेव्हा मी रायफल तशीच ठेवून नळावर जाऊन तोंड धुऊन आले होते. नंतर सवय झाली. सवय कसली, चटक लागली म्हणा.

फक्त एक अट होती. रायफलीत तुमच्या लॉटची गोळी असेल तरच तुम्ही येत होतात. रोजच्या सरावाच्या गोळ्या घातल्या की डावीकडे नुसती चटई. म्हणून त्या डब्या मी खाऊच्या डब्यासारख्या पुरवून पुरवून वापरल्या. पितृपक्षात तुमच्या तिथीला आई गच्चीवर कावळ्यासाठी पान ठेवते, आणि मी क्लबवर जाऊन तुमच्या लॉटचे मोजके राउंड मारते. पन्नास मीटरवर, कागद न लावता, नुसत्या मातीच्या ढिगाऱ्यात. आईला ते माहीत आहे. "लोकांच्या बापाला खीर लागती, आमच्याला शिसं," असं म्हणते आणि खिरीत आणखी एक वेलदोडा टाकते.

तुम्हाला तो रविवार आठवतो का? थंडी अशी की निफाडच्या बागायतदारांनी द्राक्षांत शेकोट्या पेटवलेल्या. मला मात्र तो रविवार लख्ख दिसतो. त्याच्या आदल्या वर्षी मी स्पर्धेआधी तुमची रायफल कौतुकानं आतून बाहेरून घासली होती. ब्रश, चिंधी, तेल, नळी अशी चकाचक की आरपार उजेड दिसावा. मला वाटलं, नाना खूश होतील. स्पर्धेत पहिल्या गोळ्या कुठल्या कुठे गेल्या. तुम्ही मागे उभे, दुर्बिणीला डोळा लावून, आणि सगळ्या क्लबसमोर विचारलंत, "नळी घासलीस? कुणी सांगितलं तुला?" मी रडकुंडीला आले होते. घरी येऊन आईला सांगितलं तर ती भाकरी थापता थापता म्हणाली, "बिडाचा तवा साबणानं घासला की पयलं धिरडं चिकटतंच की. येवढं कळत नाय व्हय तुला?" तुम्ही जेवता जेवता थांबलात. त्या छोट्या गोळीवर मेणाचा हात असतो, नळीच्या पोटाला त्याचा लेप बसावा लागतो, तो बसेपर्यंत गोळी चित्त लावून जात नाही, हे तुम्ही मला तासभर समजावणार होतात. आईनं ते तव्यावर उरकलं. तुम्हाला ते अजिबात आवडलं नव्हतं, तुमच्या तोंडावर दिसत होतं.

तर तो रविवार. मुंबईहून नमुन्याच्या डब्या आल्या होत्या. कंपनी एक, डबीचा रंग एक, किंमत एक, फक्त वर छापलेला लॉट नंबर वेगळा. मी म्हटलं, सगळ्या सारख्याच तर आहेत, घ्या कुठलीही. तुम्ही अशा नजरेनं बघितलंत की जसं मी कुठलाही नवरा चालेल म्हणाले. "अगं, यांचा ठिणगीचा मसाला बुडाच्या कडेत भरलेला असतो. एक दिवस यंत्रानं चिमूटभर कमी भरला, एक दिवस जास्त. तुला दिसणार नाय, मला दिसणार नाय. रायफलीला कळतं. आन् हिला जे आवडतं ते शेजारच्या रायफलीला आवडेलच असं पण नाय." पळपुट्या गोळ्यांचा तुम्हाला भारी राग. दुकानदार जोरदार म्हणून ज्या गळ्यात मारतो त्या, आवाजाच्या पुढे पळणाऱ्या. "लांब जाता जाता तिचा दम सुटतो, आवाज तिला गाठतो आन् तिथंच तिचा तोल जातो. सुरुवातीपासून जी आवाजाच्या मागं राहती ती सरळ जाती. सावकाश, पन सरळ." स्पर्धा पन्नास मीटरची असायची, तरी तुम्ही गोळी निवडायचात शंभरवर. पन्नासला सगळ्याच शहाण्या, शंभरला कोण किती पाण्यात ते कळतं, हे तुमचं वाक्य मी आता पोरींना माझं म्हणून ऐकवते.

आणि निवडायचात तेही कसं, तर आईचं आप्पेपात्र पळवून! एका खळग्यात एक लॉट, डब्या सगळ्या पिशवीत लपवलेल्या. मी पालथी पडून हात मागे करायचा, तुम्ही हातावर राउंड ठेवायचा, कुठल्या खळग्यातला ते सांगायचं नाही. "कळलं की डोकं नेम धरायला लागतं. महागाची गोळी म्हटली की तू जास्त जपून मारशील. मग गोळी नाय, तूच तपासली जाशील." लॉट बदलला की आधी थोड्या मातीत, नळीला आधीच्या गोळीची चव विसरू द्यायला, मग कागदावर. दुपारी उन्हं तापल्यावर एका कागदाशी तुम्ही बराच वेळ उकिडवे बसलात. भोकं एकमेकांत गेलेली. मग कागद घडी करून स्वेटरच्या आत घातलात. घरी आल्यावर आईनं आप्पेपात्र बघितलं आणि जो तोंडाचा पट्टा सोडला! "त्या सवतीला माझं भांडं देऊन आले! आता त्यात आप्पे कोन खाईल?" सवत म्हणजे रायफल, हे चांदवडपासून नाशिकपर्यंत सगळ्या नातेवाइकांना ठाऊक. तुम्ही मान खाली घालून नवीन आप्पेपात्र आणायला निघालात आणि येताना त्या लॉटची ऑर्डर देऊन आलात. "तुझ्यासाठी," एवढंच म्हणालात मला. पात्र विसरलात.

डब्या आल्या तेव्हा तुमचा दहावा झाला होता. छातीत कळ काय आली, रिक्षात काय घातलं, सगळं एका दुपारात. स्पर्धेला मी गेले नाही. मग लायसन्सचं लचांड. रायफल माझ्या नावावर होईपर्यंत ती आणि तुमच्या डब्या क्लबच्या मागच्या खोलीत, कुलपात, वर पत्रा. आपला मार्च ते मे काय असतो ते तुम्हाला सांगायला नको. तसल्या उष्म्यात गोळ्यांचा मसाला बिघडतो, आज हे कळतं. तेव्हा मी एवढंच बघितलं की सील शाबूत आहे आणि लॉट नंबर तोच आहे.

आता परवाचं. राज्याच्या निवड चाचणीला पुढच्या महिन्यात जायचं आहे. माझे डोळे चाळिशीनंतर बिघडलेच. नेम धरायची पुढची साइट अलीकडे उकडलेल्या वाटाण्यासारखी दिसते, त्यामुळे ही माझी शेवटची खेप, हे मला नीट माहीत आहे. क्लबच्या सचिवांनी नवीन नमुने आणले आणि म्हणाले, "मॅडम, सोमवारपर्यंत कुठला लॉट ते सांगा, वर्षातून एकदाच माल येतो." मी म्हटलं, मला नको. माझ्याकडे आहेत. इतकी वर्षं राखलेल्या तीन डब्या मी या स्पर्धेत संपवणार होते. मला पदक हवं होतं म्हणून नाही हो. मला तिथे, त्या अनोळखी रेंजवर, सगळी वेळ तुम्ही डावीकडे हवे होतात. प्रत्येक गोळीला. संपल्या की तुम्ही संपणार हेही कळत होतं. पण म्हटलं, संपायचंच तर असं संपू दे.

हे मी आईला भाजी निवडताना सांगितलं. ती आता चौऱ्याहत्तरची आहे, गुडघे गेलेत, जीभ जागेवर आहे. म्हणाली, "आन् कागदावर बघितल्या का त्या?"

"आई, नानांनी बघितल्यात."

"कधी? त्याला किती पावसाळे झाले? तुझा बाप न तपासता पावशेर खिळे घेत नव्हता दुकानातून. आन् तू त्याच्या नावानं न बघता गोळी घालनार? लय प्रेम उतू चाललंय." थोडा वेळ मेथी खुडत राहिली. मग म्हणाली, "मी येते. मी देते हातात. तुला कळलं तर तू लबाडी करशील."

आई रेंजवर, नाना! चाळीस वर्षांच्या संसारात जिनं त्या फाटकाच्या आत पाऊल टाकलं नाही, ती परवा पायात माझे बूट घालून, पदर खोचून, प्लास्टिकच्या खुर्चीवर माझ्या पायांशी बसली. मांडीवर तेच आप्पेपात्र. टाकलं नव्हतं तिनं, माळ्यावर ठेवलं होतं. तीन खळगे भरले, दोन नव्या लॉटचे, एक तुमचा, आणि मला पाठ फिरवून उभं राहायला लावलं. सचिव हसत होते, तिनं त्यांनाही पिटाळलं.

पहिला ग्रुप, एका खळग्यातल्या गोळ्यांचा, ठीक. डावीकडे शांत. मी मनात म्हटलं, हा नवा. मग थोड्या मातीत, मग दुसरा. दुसऱ्या ग्रुपच्या सुरुवातीलाच तुम्ही खाकरलात. इतक्या जवळ की माझ्या कानाची पाळी गरम झाली. "थांब. वारा जाऊ दे." मी थांबले, झेंडा पडला, चाप सुटला. पुढचीला परत तेच. मला हुंदका येत होता आणि मी तो दातांखाली धरून मारत होते, कारण हुंदक्यानं गोळी वर जाते हे तुम्हीच शिकवलेलं. तिसऱ्याला पुन्हा नुसती चटई. मी उठले तेव्हा मला काही बघायचीच गरज वाटत नव्हती. आईला म्हटलं, "दुसरा नानांचा."

"जाऊन तर बघ आधी."

शंभर मीटर चालत गेलो, ती माझा दंड धरून. पहिला कागद मध्यम. दुसरा, काय सांगू तुम्हाला, दहाच्या नाण्याखाली झाकेल असा. तिसऱ्यावर भोकं वरपासून खालपर्यंत शेवग्याच्या शेंगेसारखी लांबलेली. एकाही गोळीचा वेग दुसरीशी जुळत नव्हता. एक तर फुटलीच नव्हती, ती मी बाजूला काढून ठेवली होती. आईनं दुसरा कागद बोटानं चाचपला. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुझ्या बापाच्या तिसऱ्या होत्या गं."

मी म्हटलं, तुझी चूक झाली. खळगे बदलले असशील. तिनं ते मनावर घेतलं नाही. "मी पंधरा मान्सांच्या पंगतीत कुनाला किती पोळ्या वाढल्या ते सांगत होते," म्हणाली. मला माहीत होतं, ती बरोबर आहे. मी तिथेच ढिगाऱ्यापाशी मातीत बसले. परक्या लॉटवर तुम्ही आला होतात. आणि तुमच्या स्वतःच्या गोळ्यांवर, ज्या तुम्ही मला म्हणून निवडल्यात, ज्या मी बारा वर्षं जिवापाड जपल्या, त्यांच्यावर आला नाहीत. मग बाकीच्या वेळी कोण येत होतं? मीच का? डबीवरचा नंबर वाचून माझंच डोकं खाकरत होतं का? मी आईसमोर रडले. तुमच्या तेराव्याला रडले नव्हते एवढी रडले. ती पदराच्या टोकानं माझ्या गुडघ्यावरची माती झटकत राहिली.

सचिव म्हणाले, न फुटणारे राउंड ठेवणं बरं नाही, उरलेले मातीत मारून टाका. मी मारत बसले, एकामागून एक, नेम न धरता. डावीकडे बघितलंही नाही. शेवटी थोडे उरले तेव्हा आई म्हणाली, "मला एक मारू दे."

तिला टेबलाशी बसवलं, रायफल वाळूच्या पिशव्यांवर टेकवली, गोळी मी भरली, बोट कुठे ठेवायचं ते दाखवलं आणि दोन पावलं मागे झाले. चष्मा सरळ करून तिनं आपल्या त्या सवतीच्या दस्त्याला गाल लावला. मला वाटलं, आता लगेच आवाज होईल. झाला नाही. ती तशीच राहिली. वाऱ्यानं तिच्या पदराचा काठ हलत होता. मी तोंडातून ब्र काढला नव्हता, सचिव लांब ऑफिसात होते, रेंजवर तिसरं माणूस नव्हतं. आई जरा तिरसटून, मान किंचित डावीकडे करून म्हणाली, "अहो, शिकवू नका. कळतंय मला."

मग वारा पडला. मग तिनं चाप ओढला. गोळी ढिगाऱ्यात गेली, थोडी धूळ उडाली, आणि ती "बास," म्हणून उठली. मी तिथे होते, नाना, दोन पावलांवर. कान देऊन उभी होते. मला काही ऐकू आलं नाही.

येताना द्वारका चौकात नेहमीसारखे अडकलो. हॉर्न, धूर, एक टेम्पो आडवा. विचारायचं म्हणून मी तोंड उघडलं, तेवढ्यात ती काच खाली करत म्हणाली, "इथं कोथिंबीर बरी दिसती गं, जुडी घेऊ का?" घेतली. परत विचारायचा धीर झाला नाही. त्या रात्री ती लवकर झोपली, आणि सकाळी चहा गाळताना काहीतरी गुणगुणत होती, जे मी तिला आयुष्यात करताना पाहिलं नव्हतं.

सचिवांना दुसऱ्या खळग्यातला लॉट सांगून टाकला आहे. नमुन्यातल्या उरलेल्या डब्यांवर सराव चालू आहे, ग्रुप सुरेख बसतो, बहुतेक चाचणी निघेल. वाऱ्याकडे माझं मीच बघते. डावीकडच्या चटईवर कालपासून एक कॉलेजची पोरगी पडते, तिला मीच बोलावलं.

हे आईला वाचून दाखवायचं म्हणून लिहायला घेतलं होतं. नाही दाखवणार. मला तिचा हेवा वाटतो, नाना. तिनं एकच गोळी मारली, तीसुद्धा मातीत.